घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम सोडून फायरफॉक्स : आधी काय करायचं, मग काय

ब्राउजर बदलायचा म्हटलं की लोक पहिल्यांदा नवीन ब्राउजर डाउनलोड करतात आणि मग दोन दिवसांनी वैतागून जुन्यावर परत जातात. कारण डाउनलोडचं काम पाच मिनिटांचं, खरं काम आहे ते जुन्या ब्राउजरमध्ये. वर्षानुवर्षं तो आपले पासवर्ड स्वतःच भरत आलाय, त्यामुळे ते आपल्याला पाठ नाहीतच, आणि जीमेलचा पासवर्ड शेवटचा कधी टाकला हे घरात कुणालाच आठवत नाही. म्हणून या लेखात अर्धा वेळ मी जुन्या ब्राउजरबद्दलच बोलणार आहे, कंटाळू नका. आमच्या घरी एक डेस्कटॉप आणि वापरणारे चार जण, सासऱ्यांपासून शाळेतल्या पोरापर्यंत, त्यामुळे जवळजवळ सगळ्या प्रकारचे घोळ बघून झालेत.

मी विंडोज १० आणि ११ धरून लिहितेय. क्रोम सोडून फायरफॉक्सवर येणं हे उदाहरण घेतलंय, पण एजवरून येत असाल तरी बऱ्याच पायऱ्या त्याच.

१. आधी ठरवा, नक्की का बदलायचंय

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे आतून क्रोमियम नावाच्या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर चालतात. मायक्रोसॉफ्टने एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर नेला. म्हणजे क्रोमवरून एजवर किंवा ब्रेव्हवर गेलात तर बदल फार जाणवत नाही, एक्स्टेन्शन (ब्राउजरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) पण तीच चालतात. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, गेको नावाचं, आणि तो मोझिला ही संस्था बनवते. २००४ पासून आहे, क्रोमपेक्षा चार वर्षांनी जुना.

आम्ही बदलला त्याचं कारण जाहिराती. यूब्लॉक ओरिजिन नावाचं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर तिथे बंद पडलं, फायरफॉक्समध्ये अजून पूर्ण चालतं. तुमचं कारण हेच असेल किंवा सगळा डेटा एकाच कंपनीकडे नको असं असेल तर बदला.

पण कारण "कॉम्प्युटर स्लो झालाय" एवढंच असेल तर थांबा. चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलाही ब्राउजर टाका, वीस टॅब उघडल्यावर तो रडणारच. तिथे हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकण्यात पैसे घाला, फरक लगेच दिसेल.

आणि अजून विंडोज ७ किंवा ८ वर असाल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती आणि फायरफॉक्सची ११५. म्हणजे नवीन काही मिळणार नाही. त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका.

२. बसण्याआधी हाताशी काय काय हवं

- ज्या मोबाइल नंबरांवर ओटीपी येतात ते सगळे फोन. नुसता तुमचा नाही, घरातल्या ज्यांचे बँक खाते किंवा जीमेल या कॉम्प्युटरवर उघडतात त्यांचे पण. सासऱ्यांचा फोन घेऊन ते फिरायला गेले की काम अडलंच समजा.
- विंडोजचा पिन किंवा पासवर्ड. क्रोम पासवर्ड एक्स्पोर्ट करताना (म्हणजे फाइलमध्ये बाहेर काढताना) तो मागतो. कॉम्प्युटर कुणा दुसऱ्याने सेट करून दिला असेल तर हा पिन आधी विचारून घ्या.
- एक वही आणि पेन. हो, खरंच. फक्त दोनतीन महत्त्वाचे पासवर्ड लिहायला, आणि ती वही कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवायची नाही.
- सलग दीडदोन तास. रविवार दुपार बरी. इन्कम टॅक्सच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हे करायला घेऊ नका.

३. जुन्या ब्राउजरची झडती

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे गाळतात.

पहिलं काम, जीमेल. क्रोम चालू असतानाच, लॉगआउट न करता, गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये जा आणि सिक्युरिटीच्या पानावर रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल काय आहे ते बघा. बऱ्याच घरांत तिथे एखादा बंद पडलेला नंबर निघतो, जुन्या कंपनीचं सिम, जे कधीच फेकून दिलंय. तो आत्ताच बदला. एकदा लॉगआउट झालात आणि पासवर्ड आठवला नाही आणि नंबरही बंद, तर ते अकाउंट परत मिळवणं किती जड जातं ते ज्याच्यावर गेलंय त्यालाच विचारा. पासवर्ड आठवत नसेल तर क्रोमने साठवलेल्या पासवर्डांत बघा किंवा सरळ नवीन ठेवा, आणि तो वहीत लिहा.

दुसरं, बुकमार्क. क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट ओ दाबा, बुकमार्क मॅनेजर उघडतो. त्यातले निम्मे मेलेले असतात, दहावीचा निकाल, कुठल्यातरी जुन्या भरतीची जाहिरात, २०१९ मधला हॉटेलचा पत्ता. आत्ताच उडवा, कचरा नव्या ठिकाणी कशाला न्यायचा. मग उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून एक्स्पोर्ट बुकमार्क्स करा, एक एचटीएमएल फाइल बनते. ती डेस्कटॉपवर ठेवा. ही फाइल पुढे लागेलच असं नाही, पण असू दे.

तिसरं, पासवर्ड. क्रोमच्या तीन ठिपक्यांमधून पासवर्ड्स अँड ऑटोफिल, मग गूगल पासवर्ड मॅनेजर, त्याच्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट पासवर्ड्स. विंडोजचा पिन मागेल, मग सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातली यादी) मिळेल.

या फाइलबद्दल नीट वाचा. ती कुलूपबंद नसते. नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत नाव, यूआरएल, यूजरनेम, पासवर्ड, नोट असे रकाने आणि खाली तुमचा प्रत्येक पासवर्ड जसाच्या तसा, उघडा, वाचता येईल असा. त्यामुळे :

ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवू नका, मेल करू नका, पेनड्राइव्हवर ठेवू नका. आणि डाउनलोड करताना कुठल्या फोल्डरमध्ये जातेय ते बघा, कारण विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला, जोडलेले असतात आणि फाइल तिथे टाकली की ती आपोआप क्लाउडवर चढते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. डाउनलोड्स फोल्डर त्यातल्या त्यात बरा.

चौथं, कुठली कुठली एक्स्टेन्शन आहेत ते एका कागदावर लिहा. ती आपोआप सोबत येतील अशी आशा ठेवू नका.

पासकी वापरत असाल, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाचा ठसा किंवा पिन देऊन लॉगिन, तर त्या या सीएसव्हीत येत नाहीत. अशा साइटवर नव्या ब्राउजरमध्ये आधी ओटीपीने किंवा पासवर्डने शिरायचं आणि तिथे नवीन पासकी बनवायची.

४. डाउनलोड, पण मूळ जागेवरूनच

गूगलवर "फायरफॉक्स डाउनलोड" शोधून वर जे पहिलं येईल त्यावर क्लिक करायचं नाही. पहिली दोनतीन जाहिराती असू शकतात आणि त्यांतून नको ते सॉफ्टवेअर गळ्यात पडतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये स्वतः टाइप करा, इंग्रजीत फायरफॉक्स डॉट कॉम, किंवा मोझिला डॉट ऑर्ग. किंवा विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, तिथेही मोझिलाचा अधिकृत आहे.

फुकट आहे. कुठेही पैसे, कार्ड नंबर, फोन नंबर मागितला तर तुम्ही चुकीच्या साइटवर आहात, बंद करा.

इन्स्टॉल करताना वेगळं काही निवडायचं नाही. उघडल्यावर डीफॉल्ट (लिंक आपोआप ज्यात उघडतात तो ब्राउजर) करू का, इम्पोर्ट करू का, अकाउंट बनवू का असं विचारेल. तिन्ही नंतर.

५. बुकमार्क आणि पासवर्ड आणणं

आधी क्रोम पूर्ण बंद करा. नुसता फुलीवर क्लिक करून नाही, खाली घड्याळाशेजारच्या बाणात क्रोमचं चिन्ह दिसत असेल तर त्यावर राइट क्लिक करून एक्झिट करा.

फायरफॉक्समध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा, सेटिंग्ज, जनरल, आणि खाली इम्पोर्ट ब्राउजर डेटा. यादीत क्रोम निवडा, बुकमार्क आणि हिस्टरी वर टिक करा, इम्पोर्ट दाबा. झालं. बुकमार्कची पट्टी वर दिसत नसेल तर कंट्रोल शिफ्ट बी दाबा. तरी नाहीत? मग कंट्रोल शिफ्ट ओ, लायब्ररी उघडते, तिथे एखाद्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेले असतील, ओढून टूलबारवर आणा. अगदीच काही आलं नाही तर तिथेच वर इम्पोर्ट अँड बॅकअप आहे, त्यातून मघाची एचटीएमएल फाइल द्या.

पासवर्डचं मात्र वेगळं. क्रोमने २०२४ पासून विंडोजवर साठवलेल्या गोष्टींना जास्त कडक कुलूप लावलंय, दुसऱ्या प्रोग्रॅमने परस्पर वाचू नये म्हणून, जे चांगलंच आहे. पण त्यामुळे पासवर्ड सरळ उचलता येतील याचा भरवसा नाही. म्हणूनच सीएसव्ही काढली. तीन रेघांमधून पासवर्ड्स उघडा, त्या पानावर तीन ठिपके, इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल, फाइल द्या. शेवटी किती नवीन आले, किती आधीच होते, किती चुकले असा हिशोब दाखवतो. चुकलेले थोडेफार असतातच, पत्ता अर्धवट असलेले वगैरे. दोनचार साइट उघडून पासवर्ड भरला जातोय का बघा.

आणि आता, लगेच, ती सीएसव्ही फाइल शिफ्ट डिलीटने उडवा. नुसतं डिलीट केलं तर रिसायकल बिनमध्ये पडून राहते. हे "नंतर करू" म्हटलं की राहतंच, मी लोकांच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये वर्ष वर्ष जुन्या अशा फाइल पडलेल्या बघितल्यात.

मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी मध्ये प्रायमरी पासवर्ड लावा. हा नसेल तर कॉम्प्युटरवर बसलेला कुणीही तुमच्या साठवलेल्या पासवर्डने आत शिरू शकतो. लावला की फायरफॉक्स उघडल्यावर पहिल्यांदा पासवर्ड भरायच्या वेळी तो एकदा विचारतो. विसरलात तर मात्र मोझिला पण काढून देऊ शकत नाही, रीसेट करावा लागतो आणि मग सगळे साठवलेले पासवर्ड जातात. वहीत लिहायच्या दोनतीन पासवर्डांपैकी हा एक.

नेटबँकिंगचा पासवर्ड कुठल्याच ब्राउजरमध्ये ठेवू नये असं माझं मत. कार्डाचा नंबर पण नाही. दर वेळी टाइप करायला अर्धं मिनिट जातं, जाऊ दे.

६. डीफॉल्ट करणं

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स, यादीत फायरफॉक्स शोधून त्यावर क्लिक, वर सेट डीफॉल्ट. विंडोज १० मध्ये त्याच पानावर वेब ब्राउजर असं लिहिलेलं असतं त्याखाली निवडायचं. पीडीएफ कशात उघडायची ते वेगळं ठरवावं लागतं, नाहीतर ती एजमध्येच उघडत राहील.

हे करूनही स्टार्टच्या शोधात काही टाइप करून वेबचा रिझल्ट उघडलात तर तो एजमध्येच उघडतो. तुमचं काही चुकलेलं नाही, विंडोज तसंच आहे. सोडून द्या.

७. मराठी नीट दिसणं आणि लिहिणं

ही पायरी इंग्रजी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही आणि आपल्याकडे खरी तक्रार इथेच असते.

आमचे सासरे सकाळी बातम्या कॉम्प्युटरवर वाचतात. पहिल्याच दिवशी "अगं, अक्षरं बारीक झालीत यात" म्हणून हाक आली. तर फायरफॉक्समध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठरवता येतो. सेटिंग्ज, जनरल, फॉन्ट्स, अ‍ॅडव्हान्स्ड. वर "फॉन्ट्स फॉर" असं लिहिलेली यादी असते, त्यात लॅटिन असेल, तिथे देवनागरी निवडा. मग खाली फॉन्ट निवडा, विंडोजमधला निर्मला यूआय चांगला दिसतो, मंगल पण आहे पण तो मला जरा जुनाट वाटतो. आणि मिनिमम फॉन्ट साइज १६ किंवा १८ करून टाका. इंग्रजी पानं तशीच राहतात, मराठी मोठी होतात.

एक मेख आहे. हे त्याच साइटवर लागू होतं जी आतल्या कोडमध्ये स्वतःला मराठी किंवा हिंदी म्हणवते. काही मराठी साइट कोडमध्ये स्वतःला इंग्रजी म्हणूनच सांगतात (कुणीतरी तयार डिझाइन उचलून तसंच लावलेलं असतं), तिथे हा आकार चालत नाही. अशा ठिकाणी कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबा, पान मोठं होतं आणि फायरफॉक्स त्या साइटपुरतं ते लक्षात ठेवतो.

जुन्या सरकारी जीआरमध्ये किंवा जुन्या दिवाळी अंकांच्या साइटवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर तो युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकसारख्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टचा प्रश्न, ब्राउजरचा नाही.

आता टायपिंग. क्रोममध्ये बरेच जण गूगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन वापरतात, ते इकडे नाही. पण त्याची गरजच नाही, विंडोजमध्ये स्वतःचा मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, २०१९ पासून. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, मराठी जोडा, मग तिच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅड कीबोर्ड करून मराठी फोनेटिक निवडा. इंग्रजी अक्षरांत जसं बोलता तसं टाइप करायचं, तो देवनागरी करतो. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी मराठी बदलतं. हा ब्राउजरमध्येच नाही तर वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, सगळीकडे चालतो, त्यामुळे पुढे कधी परत ब्राउजर बदललात तरी हे काम परत करायला नको. इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी वापरणारे तर आधीपासूनच निवांत असतील.

बोलून लिहिणाऱ्यांसाठी मात्र वाईट बातमी. गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग फायरफॉक्समध्ये चालत नाही, त्याला क्रोम, एज किंवा सफारीच लागतो. माझ्या ओळखीच्या एक ताई कथा बोलून लिहितात, त्यांना मी सरळ सांगितलं, तेवढ्यासाठी एज उघडा, बाकी सगळं फायरफॉक्समध्ये करा.

फायरफॉक्सचा मेनू पण मराठीत करता येतो, जनरलमध्येच लँग्वेज आहे. पण मी करू नका म्हणेन, कारण उद्या अडलं आणि फोनवर कुणाला विचारलं तर तो "सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसीवर क्लिक कर" असंच सांगणार आणि तुमच्यासमोर वेगळेच शब्द असणार. घरात फक्त मराठी वाचणारं कुणी असेल तर मात्र जरूर करा.

८. एक्स्टेन्शन, मोजकीच

अधिकृत साइटवरूनच घ्या, तीन रेघांमधल्या एक्स्टेन्शन्स अँड थीम्समधून जाता येतं. यूब्लॉक ओरिजिन शोधताना नाव नीट बघा, जवळपासच्या नावाची बरीच असतात, रिकमेंडेडचा बिल्ला आणि वापरणाऱ्यांची संख्या बघून खरं ओळखा. दुसरं घेण्यासारखं म्हणजे मोझिलाचंच मल्टी अकाउंट कंटेनर्स, याने एकाच खिडकीत दोन जीमेल वेगवेगळ्या रंगाच्या टॅबमध्ये चालतात, एक ऑफिसचं एक घरचं. बाकी कूपन शोधून देतो, पीडीएफ करून देतो असली एक्स्टेन्शन टाळा. "सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचू शकेल" अशी परवानगी देताना आपण काय देतोय ते एकदा वाचा.

९. कुठे अडेल, आणि तेव्हा काय करायचं

बहुतेक साइट नीट चालतात, यूट्यूब, जीमेल, रेल्वेचं बुकिंग, वीजबिल. अडतं ते अशा ठिकाणी.

पॉपअप. बँकेचं स्टेटमेंट, सरकारी साइटवरची पावती, हे नव्या खिडकीत उघडतं आणि फायरफॉक्स ते अडवतो. वरती एक पट्टी येते की पॉपअप अडवला, लोक ती बघतच नाहीत आणि बटण दहा वेळा दाबत बसतात. त्या पट्टीवरच परवानगी द्यायचा पर्याय असतो. त्या साइटपुरती द्या, सगळ्यांना नको.

ढाल. अ‍ॅड्रेस बारजवळ ढालीचं चिन्ह असतं, ते ट्रॅकर, म्हणजे तुम्ही कुठे काय बघता यावर नजर ठेवणारे कोड, अडवतं. एखादं पान अर्धवट आलं, पेमेंटच्या वेळी गोल गोल फिरत राहिलं, तर ढालीवर क्लिक करून त्या साइटपुरतं संरक्षण बंद करा आणि पान रिफ्रेश करा. यूब्लॉक टाकलं असेल तर ते पण त्या साइटवर बंद करून बघा. पेमेंट मध्येच अडकलं असेल तर मात्र लगेच परत पैसे भरू नका, आधी खात्यातून गेलेत का ते तपासा.

सातबारा. महाभूलेखवर उतारा बघायला काही अडचण नाही. डिजिटल सहीचा उतारा पीडीएफ म्हणून उतरवला की तो फायरफॉक्स स्वतःच उघडतो, पण सही खरी आहे का याची हिरवी खूण बघायची असेल तर फाइल सेव्ह करून अडोबी रीडरमध्ये उघडा. ई-आधारची पीडीएफ उघडते, पासवर्ड नेहमीचाच.

डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरत असाल, जीएसटीसाठी किंवा टेंडर भरायला, तर माझं ऐका, ते काम जुन्याच ब्राउजरमध्ये चालू ठेवा. त्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं सॉफ्टवेअर चालू असतं, ब्राउजरने त्याच्याशी बोलायचं असतं, मध्ये सर्टिफिकेटचा विषय येतो. फायरफॉक्समध्ये होत नाही असं नाही, पण मुदतीच्या दिवशी ते करत बसण्यात शहाणपणा नाही.

व्हॉट्सअ‍ॅप वेब परत जोडावं लागेल, फोनवरून क्यूआर स्कॅन करून. एका अकाउंटला चारच डिव्हाइस जोडता येतात, तेव्हा लिंक्ड डिव्हाइसेसमधून जुना क्रोम काढून टाका.

आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने लॉगिन केल्यावर "नवीन डिव्हाइसवरून साइन इन झालं" असे मेल येतील. त्या वेळेला तुम्हीच लॉगिन केलंय ना एवढं बघा. पण मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका, कारण खोटे मेल पण असेच दिसतात.

१०. घरातल्या बाकीच्यांना सवय लावणं

टास्कबारवर क्रोमचं चिन्ह जिथे होतं तिथेच फायरफॉक्सचं लावा, आणि क्रोमचं अनपिन करा. नाहीतर हात आपोआप तिकडेच जातो आणि महिनाभराने कळतं की निम्मं घर अजून क्रोमच वापरतंय.

शॉर्टकट बहुतेक सारखेच. फरक एवढाच की क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन दाबून इनकॉग्निटो उघडायचं ते इकडे कंट्रोल शिफ्ट पी आहे. इकडे एन दाबलं तर आधी बंद केलेली खिडकी परत उघडते, त्यामुळे जे लपवायचं होतं तेच समोर येऊ शकतं, काळजी घ्या. कंट्रोल टॅब दाबल्यावर टॅब ओळीने न जाता शेवटी वापरलेला आधी येतो, त्याने डोकं फिरत असेल तर जनरलमध्ये टॅब्सखाली त्याची टिक काढा.

नवीन टॅबवर प्रायोजित चौकोन आणि बातम्या दिसतात, त्यांत जाहिराती असतात. सेटिंग्ज, होम मध्ये जाऊन बंद करा. मोझिलाला यातून आणि मुख्यतः गूगलला सर्चमध्ये डीफॉल्ट ठेवण्यातून पैसे मिळतात, म्हणून सर्च आधीपासून गूगलच असतो. बदलायचा तर बदला, आम्ही ठेवलाय.

ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट न चुकता करा. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये परमिशन्स, नोटिफिकेशन्सच्या सेटिंग्ज, आणि नवीन विनंत्या ब्लॉक करा अशी टिक. खाली कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असं जे येत असतं ते बऱ्याचदा व्हायरस नसतो, कुठल्यातरी साइटला चुकून नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते.

तिथेच हिस्टरीखाली "नेव्हर रिमेंबर" असा पर्याय दिसेल. सुरक्षित वाटतो म्हणून लोक तो निवडतात आणि मग दर वेळी सगळीकडे लॉगिन करावं लागतं म्हणून फायरफॉक्सला शिव्या देतात.

११. फोनवर पण हवं असेल तर

मोझिला अकाउंट बनवून सिंक (दोन्हीकडचा डेटा एकसारखा ठेवणं) चालू करायचं, मग फोनच्या फायरफॉक्समध्ये बुकमार्क आणि पासवर्ड येतात. हा डेटा तुमच्या पासवर्डनेच कुलूपबंद होऊन जातो, मोझिलाला पण वाचता येत नाही, आणि त्यामुळेच पासवर्ड विसरून रीसेट केलात तर सर्व्हरवरचा डेटा पुसला जातो. अकाउंट बनवल्यावर रिकव्हरी की काढून वहीत लिहून ठेवा. सिंकची गरज नसेल तर अकाउंट न बनवताही सगळं चालतं.

१२. क्रोम कधी काढायचा

घाई नको. एक महिना तरी राहू दे, कारण वर्षातून एकदाच उघडणाऱ्या साइट असतात, मालमत्ता कर, गाडीचा विमा, पोराच्या शाळेची फी, आणि त्यातल्या एखादीचा पासवर्ड सीएसव्हीत चुकलेल्या ओळींत असायचा. डिजिटल सिग्नेचर किंवा व्हॉइस टायपिंग लागत असेल तर काढूच नका. त्यासाठी एज चालत असेल तर मग क्रोम काढा, एज विंडोजबरोबर येतोच.

काढताना विंडोजच्या अ‍ॅप्समधून अनइन्स्टॉल करा, तेव्हा ब्राउजिंग डेटा पण डिलीट करू का असा चौकोन येतो, तिथे टिक करा, नाहीतर सगळं कॉम्प्युटरवर तसंच राहतं. हे फक्त कॉम्प्युटरवरचं. क्रोममध्ये गूगल अकाउंटने साइन इन करून सिंक चालू असेल तर पासवर्ड गूगलकडे पण साठलेले असतात. फोनवर ते वापरत असाल तर तिकडचे पुसू नका, नाहीतर फोनवरून पण जातील.